चादर कोण उचलणार?

क्रांती चौकात उभे राहून परगावच्या माणसाला दवाखान्याचा रस्ता दाखवणे, हे काम आता आमच्या अंगवळणी पडले आहे. समर्थनगरकडे वळा, नाही तर उस्मानपुऱ्याच्या बाजूला जा, पाटी दिसेल. या भागात पाट्यांना तोटा नाही. थोडे चालले की एखाद्या नर्सिंग होमची पाटी लागतेच. गेल्या पावसाळ्यात मात्र एका रविवारी मिस्सानंतर याच चौकात आम्हांला असा एक प्रश्न विचारण्यात आला, की आम्ही निरुत्तर झालो.

विचारणारी आमच्याच धर्मग्रामातील कन्या. इंग्लंडमध्ये एका वृद्धगृहात परिचारिका आहे. आईला पक्षाघाताचा झटका आल्यामुळे महिन्याची रजा काढून आली होती. ती म्हणाली, "फादर, आईसाठी एखादं चांगलं नर्सिंग होम सांगा." आम्ही सवयीने समर्थनगरकडे बोट दाखवले. "तसलं नव्हे हो फादर. तिथं बाळंतपणं होतात, अपेंडिक्स काढतात. मला म्हाताऱ्या माणसाला शेवटपर्यंत सांभाळणारं घर पाहिजे." तेव्हा आम्ही तीन-चार घरांची नावे घेतली. तिने विचारले, "ही चांगली आहेत का?" आम्ही म्हणालो, "चांगली आहेत." त्यावर ती अगदी सहज म्हणाली, "कुणी ठरवलं?"

तिच्या दृष्टीने या प्रश्नात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. ती जिथे काम करते तिथे २०१४ पासून सरकारी नियामक मंडळ प्रत्येक वृद्धगृहाची पाहणी करून 'उत्कृष्ट', 'चांगले', 'सुधारणा आवश्यक' किंवा 'अपुरे' असा शेरा देते आणि २०१५ पासून तो शेरा घराच्या दर्शनी भागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा देशातून आलेल्या मुलीने 'कुणी ठरवलं' असे विचारावे यात नवल नाही. आम्हांला उत्तर सुचले नाही, याचे मात्र एक विशेष कारण होते. ते कारण सांगितल्यावाचून पुढे काही लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्धाला आम्ही अशाच एका घरात पाठवले होते. गंगापूर तालुक्यातून पोटासाठी शहरात आलेला माणूस. आयुष्यभर रखवालदारी केली. मुलगा वाळूजला कंपनीत पाळीवर, सून शाळेत शिपाई, दोन खोल्यांचे घर. डावी बाजू लुळी पडल्यावर त्यांना घरी सांभाळणे अशक्य झाले. मुलगा आमच्याकडे आला आणि आम्ही शिफारसपत्र लिहून दिले. ते घर दुसऱ्या जिल्ह्यात होते. त्याचे नाव आम्ही घेणार नाही, कारण दोष केवळ त्या घराचा होता असे आम्हांला आजही वाटत नाही. नाताळच्या सुमारास तरुणांची गायनमंडळी घेऊन आम्ही तेथे गेलो. फरशी आरशासारखी लखलखत होती. अंगणात झेंडू फुलले होते. सगळे वृद्ध नव्या शाली पांघरून ओळीने बसले होते. आमचे आजोबा खाटेवर होते, छातीपर्यंत पांढरीशुभ्र चादर. आम्ही त्यांच्या कपाळावर हात ठेवला, त्यांना ख्रिस्तशरीर दिले, आशीर्वाद दिला. ते काहीतरी पुटपुटत होते. आम्हांला वाटले, प्रार्थना म्हणत आहेत. आम्ही घाईत होतो. बाहेर गाडी थांबली होती.

दोन महिन्यांनी त्यांना शहरात रुग्णालयात आणले. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होते. तरुण डॉक्टराने विचारले, "हे कधीपासून आहे?" मुलाला ठाऊक नव्हते. सोबत आलेल्या सेवकाला ठाऊक नव्हते. घराच्या वहीत रोजच्या रोज एकच शेरा होता: 'प्रकृती स्थिर'. आजोबा अकराव्या दिवशी गेले. अंत्यविधीला आम्हीच प्रवचन केले आणि त्यांनी सोसलेल्या यातनांविषयी जे सुंदर शब्द आम्ही त्या दिवशी उच्चारले, ते आठवले की आजही आम्हांला लाज वाटते. नाताळच्या त्या भेटीत आम्ही चादर उचलली नव्हती. ते कदाचित प्रार्थना म्हणत नव्हते.

म्हणून आमचे पहिले भांडण आमच्याशीच आहे. पण ते केवळ आमच्याशी नाही. वाचकहो, आपण सगळेच वृद्धांच्या घराची पारख पाहुण्याच्या नजरेने करतो. फरशी कशी आहे, बाग आहे का, चॅपेल आहे का, धर्मभगिनी गोड बोलतात का, जेवणात गोड पदार्थ असतो का. आणि जे आपण पाहतो तेच आपल्याला दाखवले जाते, यात आश्चर्य ते काय? फरशी पुसणारा माणूस ठेवला तर पाहुणा खूश होतो. रात्री दोन वाजता म्हाताऱ्याला कुशीवर वळवणारा माणूस ठेवला तर कोणालाही काही दिसत नाही. एकाच माणसाचा पगार परवडत असेल तर चालक कोणाला ठेवील?

आता कायद्याकडे पाहू. 'नर्सिंग होम' हा शब्द आपल्याकडे छोट्या खासगी रुग्णालयाला का चिकटला, याचे मूळ १९४९ च्या नोंदणी कायद्यात आहे. मुंबई राज्याच्या काळातील तो कायदा महाराष्ट्रात आजही चालू आहे. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांसाठी नवा कायदा केला, तो आपल्या राज्याने स्वीकारला नाही. जुन्याच कायद्याचे नियम २०२१ साली सुधारले. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावणे त्या सुधारणेने बंधनकारक केले, ही चांगली गोष्ट झाली. गंमत अशी की १९४९ च्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्याबरोबर दुर्बलता हाही शब्द आहे. म्हणजे दुर्बल माणसाला ठेवून घेऊन त्याची शुश्रूषा व उपचार करणारी जागा शब्दशः त्या कायद्याच्या कक्षेत यावयास हरकत नाही. व्यवहारात तसे होत नाही. वृद्धाश्रम म्हटला की तो सामाजिक न्याय विभागाचा, आणि आरोग्य विभागाचे निरीक्षण पाहायचे ते रुग्णालयाचे. अंथरुणाला खिळलेला वृद्ध या दोन कचेऱ्यांच्या मधल्या ओसरीवर पडून आहे.

सामाजिक न्यायाच्या बाजूला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम आहे. निर्वाहभत्त्यासाठी न्यायाधिकरण, दरमहा कमाल दहा हजार रुपये, आई-बापाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, हे सारे त्यात आहे. एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम, अशी तरतूद आहे. परंतु राज्य सरकार तो स्थापन 'करू शकेल', 'करील' नव्हे. एका क्रियापदात केवढी पळवाट! २०१९ साली या अधिनियमात दुरुस्ती करून वृद्धांच्या सर्व निवासांची सक्तीची नोंदणी आणि सेवेचे किमान निकष आणावेत, असे विधेयक लोकसभेत आले. ते समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित होताच विधेयकही गतप्राण झाले. त्याच्यासाठी कोणी रडल्याचे आम्ही ऐकले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती, आणि ती त्यानंतर कमी झालेली नाही.

ज्या चौकातून आम्ही हे सुरू केले त्या चौकाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या सैनिकांना जवळच्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला. तेव्हापासून ही जागा अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची जागा मानली गेली. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा येथूनच निघाला. शेतकरी, शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त कामगार, सगळ्यांनी येथे उन्हात बसून घोषणा दिल्या. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा मोर्चा निघत नाही. त्याला घोषणा देता येत नाही, त्याचे मतही बहुधा कोणी मागायला जात नाही. त्याच्या वतीने बोलणे ज्यांच्याकडून अपेक्षित आहे ते आपण, आणि आपण शाली वाटतो.

शालींविषयी एक शब्द. २०२१ पासून ख्रिस्तसभेने जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी राखून ठेवला आहे. उत्तम आहे. आमच्या धर्मग्रामातही तो साजरा होतो; हार, शाल, केक, छायाचित्र. त्या दिवशी मंदिरात जे येऊ शकतात त्यांचा सत्कार होतो. जे येऊ शकत नाहीत त्यांची यादीसुद्धा आमच्या कार्यालयात गेल्या वर्षापर्यंत नव्हती, हे कबूल केलेले बरे.

आमच्या या म्हणण्यावर काय आक्षेप येतील ते आम्हांला माहीत आहे, कारण काही आक्षेप बैठकीत तोंडावर घेण्यात आले. पहिला आक्षेप असा, की सेवेची मोजदाद करणे म्हणजे सेवेचा अपमान. ज्या धर्मभगिनींनी घरदार सोडून परक्यांची घाण काढली त्यांना तुम्ही वह्या दाखवा म्हणणार? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे एका ज्येष्ठांनी आम्हांला सुनावलेही. पण ही गाय आपल्याला दिलेली नाही. दान ज्याला मिळते तो वृद्ध; दात मोजायचे की नाही हे ठरवणारे आपण कोण? त्याच्या पाठीवरच्या जखमेची सहनशीलता आपण परस्पर दाखवावी, हा कसला विनय? आणि धर्मभगिनींचे म्हणाल, तर ज्यांनी आयुष्यभर हे काम केले त्यांना वही दाखवायला संकोच वाटत नाही, हा आमचा अनुभव आहे. संकोच वाटतो तो विश्वस्तांना.

वृद्धांच्या सेवेसाठी ज्यांचे नाव जगभर घेतले जाते त्या जान जुगाँ यांची हकीकत येथे आठवते. १८३९ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सँ-सर्व्हां येथे त्यांनी एका आंधळ्या, अपंग वृद्धेला घरी आणले आणि स्वतःची खाट तिला दिली. त्यातून 'गरिबांच्या लहान भगिनी' हा संघ उभा राहिला. १८८२ साली तो कलकत्त्यात आला, आणि मुंबई-पुण्यातही त्यांची घरे आहेत. २००९ साली जान जुगाँ यांना संत म्हणून घोषित करण्यात आले. त्या खाटेचे चित्र आम्ही प्रवचनातून अनेकदा रंगवले आहे. पण ती गोष्ट मुळात खाटेची आहे, चॅपेलची नाही. कोण कोठे झोपले, कोणाला ऊब मिळाली, रात्री कोण जागे राहिले, एवढ्यावरून तेथे सेवेची परीक्षा झाली. आपण ती परीक्षा कधी सोडून दिली?

दुसरा आक्षेप शहाण्यांचा: आम्हां सामान्यांना वैद्यकातले काय कळते? पुष्कळ कळते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटे पुस्तक लिहिले ते घरोघरच्या सामान्य स्त्रियांसाठी. अंथरुणात पडून झालेली जखम हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष असतो, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शुश्रूषा करणारी व्यक्ती समोर असताना जे होते ते तिच्या गैरहजेरीतही होईल अशी व्यवस्था लावणे, यालाच त्या कामाचा गाभा मानले. आमच्या नाताळच्या भेटीत नेमके तेच राहून गेले. आम्ही हजर असताना काय होते ते आम्ही पाहिले. आम्ही नसताना काय होते हे विचारले नाही.

पुढे १९६६ साली आवेदिस डोनाबेदियन या वैद्यकाने आरोग्यसेवेची पारख तीन अंगांनी करावी असे मांडले: जागा व साधने कशी आहेत, प्रत्यक्षात काय केले जाते, आणि त्याचा माणसावर परिणाम काय झाला. आपली धाव पहिल्या अंगापलीकडे जात नाही. खाटा किती, पंखे किती, पाण्याची टाकी केवढी. उरलेली दोन अंगे पाहायला पदवी लागत नाही, धीटपणा लागतो.

म्हणजे काय करायचे? प्रथम चादर उचलायची. अर्थात त्या माणसाची परवानगी घेऊन आणि पडदा ओढून, कारण लाज म्हाताऱ्यालाही असते. टाच, घोटा, कुल्हा, माकडहाड, खांदा, म्हणजे जेथे हाड कातडीला टेकते त्या जागा पाहायच्या. गोऱ्या कातडीवर लालसर डाग दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो काळपट, जांभळट दिसतो आणि म्हणून चुकतो. बोटाने दाबून तो फिकट होत नसेल, ती जागा गरम किंवा टणक लागत असेल, तर जखमेची सुरुवात झालेली आहे. ज्याला स्वतःला हलता येत नाही त्याला साधारणपणे दर दोन तासांनी वळवावे, असा शुश्रूषेतील जुना दंडक आहे. हवेची गादी असली तर अंतर थोडे वाढवता येते, पण गादी माणसाला वळवत नाही. वळवल्याची नोंद कोठे आहे ते विचारावे. नोंद असेल तर अक्षर पाहावे. चोवीस तासांच्या बारा नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या, एका दमात लिहिलेल्या दिसल्या, तर काय समजायचे ते शाळकरी मुलालाही कळते.

मग पाण्याचा पेला. ही गोष्ट आम्हांला त्या इंग्लंडच्या कन्येने शिकवली. पेला आहे का एवढेच पाहू नका, तो कोणत्या बाजूला आहे ते पाहा, असे ती म्हणाली. ज्याची डावी बाजू लुळी आहे त्याच्या डाव्या हाताशी भरलेला पेला ठेवला, तर पाहुण्याला पाणी दिसते आणि म्हातारा तहानलेला राहतो. आम्ही गेल्या वर्षभरात जेथे जेथे गेलो तेथे हे पाहू लागलो. लिहायला संकोच वाटतो, पण आमच्या स्वतःच्या धर्मग्रामातील प्रेमळ घरांतूनही पेला चुकीच्या बाजूला आढळला आहे.

वजन तर घरोघरच्या काट्यावरही कळते. महिन्याभरात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, किंवा सहा महिन्यांत दहावा हिस्सा कमी झाला, तर त्याची गंभीर दखल घ्यावी असा संकेत आहे. घरात वजनाची वही आहे का? काटा चालतो का? भरवायला माणूस किती वेळ बसतो? ताट वाढलेले छायाचित्रात दिसते. ते रिकामे कोणी केले ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. भेटीला जावे तर म्हातारा दिवसाढवळ्या झोपलेला. "शांत असतात हो, काही त्रास नाही," असे सांगितले जाते आणि आपणही समाधान मानतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत करण्यासाठी मनोविकारावरील काही औषधे दिली जातात. त्यांच्यामुळे अशा रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ सालीच दिला आहे. कधी ती खरोखर लागतातही. पण ती कोणत्या डॉक्टराने, कशासाठी, किती दिवसांसाठी लिहून दिली, हे मुलाला माहीत असलेच पाहिजे. शांत म्हातारा नेहमी सुखी असतो असे नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे सरकारने करावे, शेरा द्यावा, तारे द्यावेत, आपण पाटी वाचून निर्णय घेऊ. पाटी हवीच, पण पाटीवर विसंबणारे कसे फसतात तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत १९८७ साली वृद्धशुश्रूषागृहांच्या सुधारणेचा कायदा झाला आणि २००८ पासून प्रत्येक घराला एक ते पाच तारे मिळू लागले. अनेक वर्षे त्या ताऱ्यांतील कर्मचारीसंख्येची माहिती घरांनी स्वतःच भरून दिलेली असे. पगारपत्रकांवरून ती मिळवण्यास सुरुवात झाली २०१६ साली. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात परवाने होते, निरीक्षक होते. तरी करोनाच्या साथीत २०२० च्या मे महिन्यात तेथील पाच घरांत मदतीला पाठवलेल्या सैनिकांनी जो अहवाल दिला, त्यात झुरळे, घाणीत पडून राहिलेले वृद्ध आणि कोणी लक्ष न दिलेल्या हाका होत्या. साथीमुळे कुटुंबीयांना दारे बंद झाली होती. वर्षानुवर्षे भरवणारी, पुसणारी, विचारणारी मुले-मुली एकाएकी नाहीशी झाली, आणि त्या घरांचे खरे रूप उघडे पडले. श्रीमंत देशातही, तारे आणि परवाने असतानाही, म्हाताऱ्याचे खरे संरक्षण अवेळी दार ठोठावणारा नातेवाईक हेच होते.

त्या वाटसरूच्या दृष्टांताचा शेवट आपण नीट वाचतो का? शोमरोनी माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, येथे आमची प्रवचने संपतात. पण पुढे सराईवाला आहे. शोमरोनी त्याच्या हाती दोन दिनार ठेवतो, जास्त खर्च झाला तर देईन म्हणतो, आणि परत येईन असेही म्हणतो. तो सराईवाल्यावर अविश्वास दाखवत नाही. पण तो पैसे टाकून निघूनही जात नाही. आम्ही आमच्या आजोबांच्या बाबतीत शिफारसपत्र दिले, दोन दिनारही दिले नाहीत, आणि परत गेलो ते गाणी म्हणायला.

आता पैशाची गोष्ट, कारण तिच्यावाचून हे लिखाण ढोंगी ठरेल. ज्या घरात आजोबांना जखम झाली तेथे रात्रपाळीला चाळीसेक वृद्धांमागे एक मावशी होती. बारा तासांची पाळी, शिक्षण नावापुरते, पगार विचारू नये इतका. वीस माणसांना वळवायचे तर एका फेरीलाच दोन तास जातात; पहिली फेरी संपेतो दुसरीची वेळ. ती मावशी दुष्ट नव्हती, तिला हात दोनच होते. तिच्या शेजारी दुसरी मावशी उभी करायला लागणारा पैसा आपल्या धर्मग्रामातून जमला असता का? नव्या घंटेसाठी जमला. कमानीसाठी जमला. देणगीदाराचे नाव कमानीवर कोरता येते, रात्रपाळीवर येत नाही. विश्वस्तांना आम्ही नावे ठेवतो, पण वर्गणीच्या त्या याद्यांवर सही आमचीच होती.

आणखी एक अन्याय प्रवेशाच्या अर्जातच दडलेला असतो. अनेक वृद्धाश्रमांची अट असते की येणारा स्वतःचे स्वतः करणारा असावा. तेथे तो पाच-सात वर्षे राहतो, ते त्याचे घर होते, आणि एक दिवस पडून कंबरेचे हाड मोडते. मग मुलाला फोन येतो, वडिलांना घेऊन जा. ज्या दिवशी सेवेची खरी गरज सुरू होते त्या दिवशी सेवा संपते. ही अट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. ती वाचून मगच सही करा, आणि नंतर काय, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारा.

आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. धर्मगुरूंना मुले नसतात. आमचीही खाट कोणत्या तरी दालनात ठरलेली आहे. तेव्हा या लेखात थोडा स्वार्थ आहे असे कोणी म्हटले तर आम्ही नाकारणार नाही.

गेल्या महिन्यात, जेथे जेथे आमच्या धर्मग्रामातील कोणी ना कोणी आहे अशा चार घरांना आम्ही पत्रे पाठवली. चारच गोष्टी विचारल्या: रात्री किती माणसे असतात, वळवण्याची आणि वजनाची नोंद कुटुंबाला पाहता येईल का, शांत ठेवण्याची औषधे कोण लिहून देते, आणि आम्हांला न कळवता येता येईल का. एका घराचे उत्तर आले नाही. एकाने रंगीत माहितीपत्रक पाठवले. त्यात बाग होती. तिसऱ्याने कळवले की भेटीची वेळ रविवारी चार ते सहा, त्याव्यतिरिक्त नाही. चौथ्या घराच्या सिस्टरांनी स्वतःच्या हाताने तीन पाने लिहिली. अडतीस वृद्धांमागे रात्री दोन माणसे, त्यांतल्या एक त्या स्वतः. दोघांना जखमा आहेत, त्यांची लांबी-रुंदीही त्यांनी लिहिली होती. वजनाचा काटा पावसाळ्यापासून बंद आहे. या, केव्हाही या, फाटक वाजवा, कुत्रा बांधलेला असतो. आणि येताना बसून वजन करता येईल असा काटा मिळाला तर आणा, कारण उभे राहू शकणारे आमच्याकडे थोडेच आहेत.

काटा आम्ही क्रांती चौकातून पुढे गेल्यावर लागणाऱ्या एका दुकानातून घेतला. कमानीच्या रंगकामासाठी ठेवलेल्या पैशांतून घेतला, त्यावरून कार्यकारिणीत बोलणे झाले, ते होऊ द्या. गुरुवारी रात्री नऊच्या पुढे आम्ही निघणार आहोत. बरोबर धर्मग्रामातील दोन परिचारिका आणि त्या आजोबांची सून येणार आहे. येते म्हणून ती आपणहून सांगायला आली. इंग्लंडची कन्या रजा संपवून परत गेली आहे. तिची आई तूर्त भावाच्या घरी, ब्यूरोची बाई दिवसा येते, रात्री भाऊ उठतो. शुक्रवारी तिचा फोन येईल. तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना या वेळी आम्हांला निदान 'आम्ही स्वतः पाहिले' एवढे म्हणता आले पाहिजे.